उशीवरून घेतलेली परीक्षा

नाशिक,
फेब्रुवारीतला दुसरा रविवार, दुपार

तीर्थरूप आक्का,

तुझ्या धाकट्या कमळचा वाकून नमस्कार. (वाकले आहे असं समज. गुडघ्यांनी दिवाळीपासून असहकार पुकारलाय, त्यामुळे हल्ली सगळ्या थोरामोठ्यांना मी कागदावरच वाकते.) दाजींचा खोकला थांबला का? त्यांना म्हणावं, कांद्याच्या ट्रॅक्टरवर बसून मार्केटला जाताना कानाला मफलर गुंडाळला तर त्यानं कांद्याचा भाव उतरत नाही. तुझ्या सासूबाई कशा आहेत? सूनबाई, नातवंडं, ती मारकी गाय, सगळ्यांची खुशाली कळव. इकडे हे बरे आहेत. म्हणजे दिवसभर कुरकुर करतात, म्हणजे उत्तमच आहेत.

हे सगळं फोनवर का नाही सांगितलं, असं तू विचारशील. सांगणार होते. पण फोनवर मी 'आक्का' म्हटलं की तू 'जेवलीस का' विचारतेस, मी काय जेवले ते सांगेपर्यंत तुझ्या दारात कुणीतरी येतं, मग तू त्यांच्याशी बोलतेस आणि मी कानाला फोन लावून तुमच्या देवळा गावातल्या बायकांचं बोलणं ऐकत बसते. आणि ही हकिगत अशी आहे की अर्ध्यात थांबवली तर मी पूर्ण मूर्ख ठरते आणि शेवटपर्यंत ऐकली तर जरा कमी मूर्ख ठरते. म्हणून कागद घेतला. दुपारची वेळ आहे, हे घोरताहेत, खिडकीतून शेजारच्या गच्चीवर वाळत घातलेल्या साड्या हलताना दिसतात. अशा वेळी सुचतंही बरं.

तर हॉस्पिटलची नोकरी मी सोडली हे तुला माहीत आहे. सत्तावीस वर्षं आयाबाई म्हणून वॉर्डात उभी होते. आता गुडघे म्हणाले, पुरे. पण घरी बसून मी काय करणार? तेवढ्यात मुंबई नाक्याच्या मागच्या गल्लीतल्या एका प्रशिक्षण केंद्राची जाहिरात दिसली. खाली बॅटऱ्यांचं दुकान, वर हे केंद्र. तिथे रुग्णांची सेवा करायला मुली शिकतात: अंथरूण घालणं, कोमट पाण्यानं स्पंज देणं, कूस बदलणं, भरवणं. त्या मुलींना कामाच्या जागी उभं राहून शिकवायला आणि शेवटी त्यांची परीक्षा घ्यायला त्यांना अनुभवी माणसं हवी होती. त्याला कोच आणि असेसर म्हणतात. मी म्हटलं, मला सत्तावीस वर्षांचा अनुभव आहे, मी उद्यापासून येते. तर म्हणाले, आधी तुम्हाला शिकावं लागेल. शिकवायचं कसं ते शिकायचं, आणि परीक्षा घ्यायची कशी याची परीक्षा द्यायची. (हे ऐकून मला आधी हसू आलं. मग वाटलं, आपल्याला मुलं व्हायच्या आधी असलं काहीतरी असतं तर बरं झालं असतं.)

आमचे सर म्हणजे हर्षल सर. वय तीस, गळ्यात टाय, हातात टॅब, आणि बोलणं असं की अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी आणि दोन्हीकडे घाई. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर लिहिलं: 'बघा. विचारा. हात लावू नका.' बास. म्हणाले, "कमळताई, कोचिंग म्हणजे एवढंच आहे." मला वाटलं, एवढंच असेल तर तीन महिने कशाला? मी वर्गाच्या खिडकीतून बाहेर बघायला लागले. समोरच्या इमारतीवर पाण्याची टाकी आहे, तिच्यावर दुपारी एक घार येऊन बसते. ती पंख मिटून इतकी निवांत बसते की तिच्याकडे बघता बघता मला वाटायला लागलं, आपणच तिथे बसलोय, खाली सगळं नाशिक पसरलंय, दूर गंगापूर धरणाचं पाणी चकाकतंय आणि कुणालाच आपल्याकडून काही नकोय. "कमळताई?" सर म्हणाले. "बघतेय सर," मी म्हटलं. ते खोटंही नव्हतं.

पण 'हात लावू नका' हे मला जमेना, आक्का. मुलगी चादर घालायला लागली आणि कोपरा सैल राहिला की माझे हात आपोआप पुढे. पहिल्या आठवड्यात मी तीन मुलींच्या हातून चादरी ओढून घेतल्या, एकीच्या हातातला चमचा काढून घेऊन पेशंटला स्वतःच भरवलं, आणि एकीला "सरक" म्हणाले. सरांनी टॅबवर सगळं लिहून घेतलं. मला म्हणाले, "तुम्ही फार छान काम करता. पण परीक्षा तुमची नाहीये." मग मी हातांवर बसायला लागले. हातांना मुंग्या यायच्या, मुंग्या आल्या की मन कुठेतरी लांब जायचं, आणि मन लांब गेलं की मुलगी काय करतेय ते दिसायचं नाही. म्हणजे एकतर माझे हात मधे, नाहीतर मीच गायब.

आमच्या सरावाला पेशंट कोण, ते सांगायचं राहिलं. केंद्रात झाडलोट आणि चहा करणाऱ्या भागीबाई आहेत, त्याच पेशंट. साठीच्या पुढच्या, अंगानं काटकुळ्या, पण पलंगावर पडल्या की अशा कण्हतात की ऐकणाऱ्याच्या डोळ्यात पाणी यावं. फक्त त्यांना काम संपवता येत नाही. मुलीनं स्पंज देऊन झाला, चादर नीट झाली, की भागीबाई एक लांब श्वास घेऊन मान टाकतात. म्हणजे मरतात. सरांनी कितीदा सांगितलं, "भागीबाई, पेशंट बरा होणार आहे." त्या म्हणतात, "बरं व्हयाचं नाटक मला जमत न्हाई. ते लय अवघड हाय." (मला ते पटलं होतं, पण मी बोलले नाही.)

आणि आता आरोही. हिच्यासाठीच सगळं पत्र. इगतपुरीकडची मुलगी, वीस वर्षांची, सावळी, उंच, हात मोठे आणि हलके. कामात इतकी नीट की माझे हातसुद्धा तिच्यापुढे गप्प बसायचे. पण ही मुलगी आधी एकदा नापास झालेली. बाहेरगावचे एक असेसर आले होते, त्यांनी तीन फुटांवर उभं राहून तिची परीक्षा घेतली आणि कागदावर शेरा मारला: 'रुग्णाशी संवाद साधत नाही. अजून सक्षम नाही.' आमच्याकडे नापास म्हणत नाहीत, 'अजून सक्षम नाही' म्हणतात. ऐकायला बरं वाटतं, पण नोकरी त्यानं मिळत नाही. आरोहीला घरी जाऊन रुग्णसेवा करणाऱ्या एका संस्थेनं सोमवारी रुजू व्हायला सांगितलं होतं, पण प्रमाणपत्र असेल तरच. आणि घरी तिचं लग्न ठरवायला मंडळी टपून बसलेली. प्रमाणपत्र नाही, तर मांडव. इतकं सरळ होतं ते.

मी तिला जिन्यावर बसवून विचारलं, "बोलत का नाहीस गं पेशंटशी?"

"बोलते ना मॅडम."

"मला तर कधी ऐकू आलं नाही."

"तुम्हाला कसं येईल? पेशंटच्या कानाशी बोलते मी." आणि मग हळूच म्हणाली, "आमचे बाबा रेल्वेत हायेत. रातपाळी करून सकाळी येऊन झोपायचे. दिवसा घरात कुणी मोठ्यानं बोललं तर आई डोळे वटारायची. आम्ही तिघी बहिणी अशाच बोलत मोठ्या झालो. मला मोठ्यानं बोलता येतच नाय."

आक्का, मी तिथे जिन्यावर तशीच बसून राहिले. माझ्या डोळ्यासमोर ते घर आलं: बाहेर इगतपुरीचं धुकं, आत एक माणूस डोक्यावरून पांघरूण घेऊन झोपलेला आणि तीन मुली ओठ हलवत खेळताहेत, भांडताहेत, हसताहेत, आणि आवाज म्हणून काही नाही. पाण्याखाली खेळल्यासारख्या. किती वेळ मी ते बघत होते कोण जाणे. आरोही उठून गेली होती.

परीक्षा गेल्या गुरुवारी होती. तिची परीक्षा मी घ्यायची आणि मी कशी घेते ते हर्षल सरांनी बघायचं, म्हणजे एका दगडात दोन पक्षी. चार वाजेपर्यंत निकाल संगणकावर चढवायचा, नाहीतर सोमवार हुकला. मी नऊवारी नेसावी इतक्या उत्साहात तयार होऊन केंद्रात गेले. तर भागीबाईंचा निरोप: ताप आलाय, येत नाही. (घे. पेशंटच आजारी पडला.) तेवढ्यात सरांचा फोन: "कमळताई, मी द्वारका चौकात अडकलोय. ट्रक बंद पडलाय, चारी बाजूंनी जाम. तुम्ही सुरू करा, मी येतो."

आता सुरू करायचं तर कुणावर? खोलीत मी, आरोही आणि तीन रिकामे पलंग. आणि आक्का, तेव्हा मला जे सुचलं ते अजूनही मला हुशारीचंच वाटतं. मी म्हटलं, या मुलीचं बोलणं फक्त पेशंटला ऐकू येतं ना? मग परीक्षा तीन फुटांवरून घ्यायचीच कशाला? ती उशीवरून घ्यायला हवी. शिवाय पडल्या पडल्या मला तिच्या हातून काही ओढून घेता येणार नाही. मी चपला काढल्या, खिडकीजवळच्या पलंगावर आडवी झाले, बेचाळीस मुद्द्यांची यादी पोटावर ठेवली, हातात पेन घेतलं आणि म्हटलं, "कर सुरू. मी असेसर नाही, पेशंट आहे असं समज."

तिनं हात धुतले. मी खूण केली. तिनं पलंगाची चाकं अडकवली. मी खूण केली. मग ती माझ्या कानाशी वाकली आणि म्हणाली, "मावशी, मी आरोही. आज तुमचं सगळं मी बघणार. आधी उशी नीट करते, चालेल?"

आक्का, तो आवाज. कसा सांगू? उन्हाळ्यात माठावर ओलं फडकं टाकतात ना, तसा. मी म्हणाले, "चालेल." तिनं मानेखाली हात घातला, उशी उलटी केली, आणि उशीची गार बाजू माझ्या मानेला लागली. मी मनात हिशोब केला: असं माझं कुणी केव्हा केलं होतं? धाकट्याच्या बाळंतपणात केलं असेल, पण तेव्हा तरी मी उठून गॅस बंद केला होता. सत्तावीस वर्षं मी माणसांच्या उशा उलट्या केल्या, आणि त्यांची दुसरी बाजू गार असते हे मला पहिल्यांदाच कळत होतं. तिसरा मुद्दा कुठला होता ते बघायला मी यादी वर उचलली...

...आणि चाकं सुटली. म्हणजे पलंगाची. मला चिंता वाटली नाही, उलट 'हा तिसरा मुद्दा असणार' असं वाटलं. पलंग खोलीतून निघाला, जिन्यावरून पायरी न लागता उतरला, बॅटऱ्यांच्या दुकानासमोरून वळला आणि मुंबई नाक्याला लागला. अंगावर पांढरीशुभ्र चादर, वर निळं आभाळ. पोलिसानं हात दाखवून सगळ्या गाड्या थांबवल्या. द्वारकाला आले तर खरंच चारी बाजूंनी ट्रक, रिक्षा, कांद्याच्या गाड्या, पण कुणी हॉर्न वाजवत नव्हतं. सगळे कुजबुजत होते: "बाई झोपल्यात, बाई झोपल्यात." एका रिक्षात हर्षल सर बसलेले दिसले, टाय सैल, टॅबवर काहीतरी लिहिताहेत. मी त्यांना हात केला. त्यांनी ओठावर बोट ठेवलं. मग पलंग पुलावर न चढता सरळ वरच उचलला गेला, आणि खाली द्राक्षांचे मांडव, शेततळी, नदी, सगळं सरकायला लागलं. आणि नदीच्या एका वळणावर पाण्यानं वर येऊन मला हलकेच कुशीवर केलं, पाठीवरून कोमट लाट गेली, पुन्हा सरळ केलं. तुमचं देवळा आलं. तू खळ्यात कांद्याच्या ढिगाशी बसली होतीस. मला म्हणालीस, "कमळे, खाली उतर, किती कामं पडलीत." मी म्हटलं, "आक्का, तूच वर ये ना." तू म्हणालीस, "मला वेळ नाही." आणि मान खाली घालून कांदे निवडायला लागलीस. पलंग पुढे निघाला. मी ओरडून हाक मारली, पण आवाज आरोहीसारखाच निघाला, तुझ्यापर्यंत पोचलाच नाही.

जाग आली तेव्हा छतावरचा पंखा हळू फिरत होता. घड्याळात दोन वाजून चाळीस मिनिटं. मी दीड वाजता आडवी झाले होते.

आरोही स्टुलावर बसली होती, गुडघ्यांवर हात ठेवून. मी म्हटलं, "अगं, मला उठवलं का नाहीस?"

"लय दमल्या होत्या तुम्ही. आणि झोपलेल्या पेशंटला उगाच उठवायचं नाय, असं तुम्हीच शिकवलंय."

मी यादी उचलली. पहिल्या दोन मुद्द्यांपुढे खुणा. तिसऱ्यापासून एक निळी रेघ निघालेली, ती कागद ओलांडून चादरीवर गेलेली, आणि तिथे संपलेली. बाकी चाळीस चौकटी कोऱ्या. तेवढ्यात फोन वाजला. सर. "सुटलो एकदाचा! पाच मिनिटांत पोचतो. झालं ना सगळं?"

मी फोन ठेवला. आरोही म्हणाली, "मॅडम, लिहून टाका ना. मी समदं केलंय. खरंच."

आणि तिनं केलंच होतं गं! मी स्वतःकडे बघितलं. केस विंचरून वेणी घातलेली. टाचांखाली टॉवेलची घडी. चादरीला एक सुरकुती नाही. मंगळसूत्र मानेखाली रुतू नये म्हणून पुढे घेतलेलं. चष्मा डबीत, डबी हाताला लागेल अशी. नखंसुद्धा कापलेली. (नखं बेचाळीस मुद्द्यांत नाहीत. ती तिनं मनानं कापली.) मी भराभर खुणा करत गेले. चादर: दिसतेय. कूस: पाठ कोरडी आहे, आणि तेलाचा वास येतोय. केस: हो. असं करत सतराव्यावर आले. 'प्रत्येक कृतीआधी रुग्णाला सांगितले.'

पेन टेकवलं आणि हात थांबला. सत्तावीस वर्षांत माझा हात असा आपण होऊन कधी थांबला नव्हता. त्या बाहेरच्या असेसरनं न ऐकता 'नाही' लिहिलं म्हणून मी त्याला मनातल्या मनात किती शिव्या दिल्या होत्या. आता मी न ऐकता 'हो' लिहिणार? मग त्याच्यात आणि माझ्यात फरक एवढाच की तो जागा होता.

"आरोही," मी म्हटलं, "मला पहिलं वाक्य ऐकू आलं. पुढचं नाही. मी सरांना खरं सांगणार आहे."

ती उठून खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. तिच्या पाठीकडे बघवेना. मला वाटलं, एका मुलीचं आयुष्य माझ्या डुलकीत वाहून गेलं.

सर आले ते घामाघूम. मी पलंगावरच बसून सगळं सांगितलं. आडवी झाले, झोपले, चाळीस चौकटी माहीत नाहीत. (पलंग द्वारकाला गेला होता ते सांगितलं नाही. काही गोष्टी नोंदीत नसलेल्या बऱ्या.) सरांनी कपाळाचा घाम पुसला. "कमळताई, असेसर झोपला, असं माझ्या सहा वर्षांत कधी झालं नाही."

"हो सर."

"मग मी आता काय अपलोड करू?"

"तुम्ही तिचा आवाज ऐकून घ्या सर. तो तीन फुटांवर येत नाही. तुम्हीच पडा."

"मी?"

"पेशंट दुसरा आहे कुठे? मी उभी राहते. हात मागे बांधते. यादी नव्यानं करते. सव्वातास आहे आपल्याकडे."

सरांनी घड्याळ बघितलं, आरोहीच्या पाठीकडे बघितलं, आणि बूट काढले. एका मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. ते त्यांनी दुसऱ्या पायानं झाकलं आणि टायसकट आडवे झाले, फळीसारखे ताठ, टॅब छातीवर धरून.

आरोहीनं डोळे पुसले, हात धुतले. मी खूण केली. तिनं चाकं अडकवली. मी खूण केली, आणि या वेळी चाकांकडे दोनदा बघितलं. मग ती त्यांच्या कानाशी वाकली. मी तीन फुटांवर. मला काही म्हणता काही ऐकू आलं नाही. फक्त तिचे ओठ हलले आणि सर म्हणाले, "हो, चालेल." पुन्हा ओठ हलले. सरांनी टॅब बाजूला दिला. पुन्हा. सरांनी टाय सोडला. हळूहळू त्या फळीचा माणूस होताना मी बघितला, आक्का. खांदे खाली आले, कपाळावरची आठी गेली. कुशीवर वळवताना तिनं काहीतरी विचारलं, तर सर बोलायलाच लागले. तेही कुजबुजत! चांगली दोन मिनिटं बोलत होते, भिंतीकडे तोंड करून. ती नुसती 'हं' म्हणत मान हलवत होती आणि पाठीवरून हात फिरवत होती. तो माणूस आमच्याशी तीन महिन्यांत एक वाक्य हळू बोलला नव्हता.

आणि तेवढ्यात मला दिसलं, कोमट पाण्याचं भांडं स्टुलाच्या अगदी कडेला. अर्धं बाहेर. तिचे दोन्ही हात सरांच्या खांद्याला. माझे हात पाठीमागून सुटले. पदर मुठीत धरला, मूठ दुसऱ्या मुठीत धरली, ओठ चावला. आता पडणार, सरांच्या पाठीवर पडणार, टॅबवर पडणार. आरोहीनं मान न वळवता गुडघ्यानं स्टूल आत ढकललं. भांडं हललं, स्थिर झालं. तिला ते मघापासून दिसत होतं. मी हात घातला असता तर तिला दिसतंय हे मला जन्मात कळलं नसतं.

शेवटी मी सरांना विचारलं, "सर, सतरावा मुद्दा मला इथून ऐकू आला नाही. काय लिहू?"

सर अजून भिंतीकडे तोंड करून होते. म्हणाले, "टिक करा." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "रुग्णाचा जबाब म्हणून माझी सही घ्या." काय बोलले ते दोघं, मी विचारलं नाही. आरोहीनंही सांगितलं नाही. पेशंटचं बोलणं बाहेर सांगायचं नाही, हा एकोणचाळिसावा मुद्दा आहे. तिथेही खूण केली.

चाराला पाच मिनिटं असताना निकाल चढला. आरोही: सक्षम. ती माझ्या गळ्यात पडली आणि कानाशी काहीतरी म्हणाली. ते मी तुला सांगणार नाही. उद्या सोमवार, उद्या ती रुजू होईल; गंगापूर रोडला एका आजोबांकडे पाठवताहेत. घरच्या मंडळींनी मांडव सध्या गुंडाळून ठेवलाय.

आणि माझा निकाल? तो त्याच दिवशी संध्याकाळी आला. शेरा तसाच्या तसा उतरवते: 'उमेदवार पहिल्या मूल्यमापनात झोपली. स्वतः कबूल केले. दुसऱ्या मूल्यमापनात हस्तक्षेप केला नाही. कोच म्हणून उत्तम. असेसर म्हणून अजून सक्षम नाही. पुन्हा संधी द्यावी.' वाचून मी जिन्यावर बसून हसले आणि मग जरा रडलेही, पण ते 'उत्तम' या शब्दामुळे. इतक्या वर्षांत कागदावर तो कुणी लिहिला नव्हता.

असो. फार लांबलं. हे उठले, चहा मागताहेत. दाजींना नमस्कार, सूनबाईला आणि पोरांना गोड पापा. तब्येतीला जप, एवढंच मागणं, दुसरं काही नाही.

तुझी,
कमळ

ता. क.: दुसरं काही नाही असं लिहिलं खरं, पण एक आहे. माझी फेरपरीक्षा येत्या बुधवारी नाही, त्याच्या पुढच्या बुधवारी. मला पेशंट हवाय. भागीबाईंना सरांनी पेशंटच्या कामावरून काढून टाकलं, कारण बऱ्या झाल्यावर आल्या त्या पहिल्याच सरावात पुन्हा मेल्या. तू ये. सकाळच्या एसटीनं ये, द्वारकाला उतर, मी उभी असेन.

ता. क. २: 'मला वेळ नाही' हे तुझं उत्तर मला तोंडपाठ आहे, म्हणून आधीच सांगते. सासूबाईंचं काय काय करायचं ते सगळं लिहून मी सूनबाईला पाठवलंय, तिचा होकारही आलाय. दाजींनाही फोन करून झाला. ते म्हणाले, एक दिवस कांदे थांबतील. अर्जावर तुझं नावसुद्धा घातलंय: वय एकसष्ट, तक्रार काही नाही, सांगतच नाही.

ता. क. ३: स्पंज देणारी मुलगी नवी आहे, बोलते मोठ्यानं, पण हाताला बरी आहे. तुला मधे झोप लागली तर खुशाल लागू दे. मी नियमांचं पुस्तक दोनदा वाचून पाहिलं, पेशंटनं झोपू नये असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. ती बंदी फक्त माझ्यासाठी आहे.